हिडकलच्या पाण्यात शिडाची होडी: काठाला, तराफ्याला की बोयाला?

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणात फायबरची छोटी शिडाची होडी ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न, बांधायची कुठे? समुद्रकाठचे लोक भरती-ओहोटी बघून ठरवतात. आपल्या घटप्रभेचं पाणी वर्षातून एकदा चढतं नि एकदा उतरतं, पण उतरतं ते फार. सप्टेंबरात पाय बुडतात तो काठ मे महिन्यात रखरखीत उतार झालेला असतो.

काठाला बांधणं सगळ्यात स्वस्त. पुढचं टोक झाडाला, मागचं खुंटीला. पश्चिमवारा अडेल अशी कड आपण शोधतो खरी, पण वळीव बहुधा उगवतीकडून येतो आणि दोन्हीकडून जखडलेली होडी त्याला आडवी सापडते. माझी तशीच सापडली होती. पंधरा मिनिटांत तळ दगडांवर घासून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत थर, गेला आणि आतले काचेचे धागे दिसू लागले. एकदा धागे उघडे पडले की पाणी तिथून आत मुरतं. तेव्हापासून मी काठाला फक्त जेवणापुरती बांधतो.

ड्रमांचा तराफा पाण्याबरोबर वरखाली होतो, आणि घरात लहान मुलं असतील तर चढ-उतार त्याच्यावरूनच सोपी. पण होडी त्याला रात्रभर घासते. जुने टायर लावू नका: काळे डाग पडतात, झिजलेल्या टायरातल्या तारा बाहेर येऊन ओरखडे काढतात. हवा भरलेले तीन फेंडर, म्हणजे होडी नि तराफ्याच्या मध्ये टांगायच्या मऊ गाद्या, घ्या, त्यातला एक होडीच्या सर्वांत रुंद भागाशी. पुढच्या-मागच्या दोरांखेरीज दोन तिरपे दोर बांधले तर होडी पुढेमागे सरकत नाही.

माझं मत मात्र बोयाच्या, म्हणजे तळाच्या वजनाला दोरानं बांधलेल्या तरंगत्या फुग्याच्या, बाजूनं. एकाच दोरानं पुढच्या टोकाला बांधलेली होडी वारा जिकडून येईल तिकडं आपोआप तोंड करते, आणि आजूबाजूला घासायला काही नसतं. खर्च तळाच्या वजनाचा. काँक्रीट पाण्यात आपलं चाळीस टक्क्यांच्या आसपास वजन गमावतं, म्हणजे 200 किलोचा ठोकळा खाली 115-120 किलोच भरतो. गवंड्याला सांगताना हा हिशेब आधी करा. लोखंड जेमतेम तेरा टक्के गमावतं.

तळाच्या वजनापासून होडीपर्यंतच्या दोराची लांबी खोलीच्या तिप्पट धरतात. दहा मीटर पाण्याला तीस मीटर. पण पाणी तीन मीटरवर आलं की तोच दोर होडीला जवळपास तीस मीटरचा फेरा मारू देतो, आणि त्या फेऱ्यात बुडालेले बुंधे नि जुने बांध येतात. म्हणून पाणी उतरू लागलं की दर महिन्याला दोर आखडायचा. हे जमणार नसेल तर बोया घेऊ नका, तराफाच बरा.

दोर नायलॉनचा. तो ताणतो, झटका खातो आणि बुडतो. बाजारातला पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर तरंगतो, उन्हानं कुरकुरीत होतो आणि खरखरीत पडला की होडीचा रंगही खरवडतो. नायलॉन जिथं कडेवर घासतो तिथं पीव्हीसी पाइप चढवायची आपल्याला सवय, पण ताणाखाली दोर आतल्या आत तापतो आणि वितळूही शकतो. त्यापेक्षा चामडं गुंडाळा. अथणी-निपाणीकडं कोल्हापुरी चपला होतात. तिथल्या कारागिराकडून जाड चामड्याची पट्टी आणून दोराभोवती शिवली की काम होतं. शिवाय दोर अडकवायच्या क्लीटखाली, डेकच्या आतून धातूची प्लेट हवीच, नाहीतर झटक्यात क्लीट फायबरचा तुकडा घेऊन निघतं.

वारा पडला की होडी बोयावर सरकून टकटक करते. त्यासाठी बोया मऊ फुगीर घ्या आणि निवांत दिवशी दोर आखडून बोया होडीच्या नाकाशी धरून ठेवा.

एक गोष्ट तिन्ही पर्यायांना लागू. गोड्या पाण्यात शिंपले चिकटत नाहीत हे सुख, पण महिनोन् महिने पाण्यातच ठेवलेल्या फायबरला खाऱ्यापेक्षा गोड्या पाण्यात लवकर फोड येतात. मी मार्चात होडी ट्रॉलीवर काढतो, तळ धुऊन सावलीत सुकवतो आणि धरण भरल्यावर परत सोडतो. वळवाचे दोन महिने तेवढ्यात टळतात.