रॅम्प आहे, पण भटारखान्यातून

लेकीच्या लग्नासाठी घेतलेल्या मंगल कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही, हे आधीच सांगते. मालकांनी नंतर हिशेब दुरुस्त करून पैसे परत केलेत, आणि माझ्या सासऱ्यांचं घर त्याच पंचक्रोशीत आहे. रत्नागिरी शहराच्या जरा बाहेर, पुढे लॉन आणि मागे आंब्याची बाग असलेलं कार्यालय, एवढं पुरे.

आम्ही बडोद्याचे. लेक हैदराबादला नोकरीला, जावई पुण्याचे. म्हणजे लग्न रत्नागिरीत करायला कारण एकच, माझे सासरे. वय ८९, मांडीचं हाड मोडल्यापासून चाकांच्या खुर्चीत, आणि नातीचं लग्न डोळ्यांनी बघायचं, फोनमध्ये नाही, हा हट्ट. डॉक्टर म्हणाले, एवढा प्रवास करवू नका. मग बडोद्याची पन्नास-साठ माणसंच त्यांच्याकडे न्यायची ठरली.

ऑगस्ट २०२४ मध्ये बुकिंग केलं, पुढच्या मेमधलं. तोवर आम्हा दोघांपैकी कुणीही तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. माझे चुलतदीर देवरुखला असतात, त्यांना बघायला पाठवलं. एसटीत कंडक्टर होते. संध्याकाळी फोन आला, "वहिनी, जागा फस्क्लास. एसटी एका दमात वळते." हे बाहेर उभं राहूनच बघून आले होते!

आतलं सगळं व्यवस्थापकांनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. हॉल, बोहल्याची जागा, आठ खोल्या, नवी कोरी एसी यंत्रं. माणूस बोलायला गोड. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: "होईल हो वहिनी, काळजीच नको." जनरेटर? आहे. गरम पाणी? आहे. रॅम्प? "आहे हो, टेम्पो चढतो." टेम्पो कशाला चढतो, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

दर पानाला ४१० रुपये, हमी २२० पानांची. हॉल दीड दिवस. मांडव, चौरंग-पाट, होमाचं सामान, गुरुजी हे सगळं त्यांच्याकडे. लांबून लग्न करणाऱ्याला ही सोय फार मोठी असते. बडोद्याहून मी काय समिधा पाठवणार होते?

आचाऱ्यांचं मात्र वेगळंच. ठरवलेल्या जेवणात ओल्या काजूची उसळ होती. एप्रिलमध्ये ते स्वतःहून फोन करून म्हणाले, "ओले काजू तुमच्या तारखेला मिळायचे नाहीत. मिळाले तरी निबर असतील. लोक नावं ठेवतील, मला नाही जमणार." त्याऐवजी कच्च्या गऱ्यांची भाजी करतो म्हणाले. आमरस आदल्या रात्री काढून ठेवा, असं आमच्याकडच्या कुणीतरी सुचवलं, त्यालाही ते नाही म्हणाले. रस काळा पडतो, सकाळीच काढणार, माणसं वाढवून द्या. दिली. नऊ महिन्यांच्या फोनाफोनीत त्या कार्यालयातून मला स्पष्ट 'नाही' ऐकू आलं ते याच माणसाकडून, आणि त्यांनी सांगितलेलं एकही काम चुकलं नाही.

प्रवासाचंही सांगून ठेवते, कारण पुष्कळांना माहीत नसतं. ओखा-एर्नाकुलम ही रेल्वेगाडी बडोद्याहून थेट रत्नागिरीला जाते, पण आठवड्यातून दोनदाच. आरक्षण आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. म्हणजे नऊ महिने आधी लग्न ठरवलंत तरी तिकिटासाठी मार्चपर्यंत थांबायचं, आणि सकाळी आठच्या ठोक्याला चार जणांनी चार मोबाइल घेऊन बसायचं. आम्हाला ३४ पक्की मिळाली. बाकीचे गाड्या घेऊन आले. मुंबई-गोवा महामार्गाबद्दल त्यांनी जे शब्द वापरले ते इथे छापण्यासारखे नाहीत.

आदल्या दिवशी दुपारी पोचलो. दारातच आठ पायऱ्या, कठडा नाही, उतार नाही. व्यवस्थापकांना विचारलं, रॅम्प कुठाय? ते आम्हाला इमारतीला वळसा घालून मागे घेऊन गेले. गॅसच्या टाक्या आणि भाजीचे क्रेट चढवायचा तो उतार, थेट भटारखान्यात. वरून आमच्या आठपैकी सहा खोल्या पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. कॅमेरा जिना चढला होता, पण मोबाइल हातात धरून चालणाऱ्याच्या पायऱ्या मोजायचं आपल्याला सुचत नाही.

मुलं म्हणाली, आजोबांना खुर्चीसकट उचलून पुढच्या दाराने नेऊ. तर सासरे भडकले. "मला उचलून नाचवायला मी काय शिमग्याची पालखी आहे?"

मग लग्नाच्या सकाळी नातीचे आजोबा, जरीची टोपी, उपरणं अशा थाटात, मागच्या उताराने आत आले. भटारखान्यात पन्नास-साठ किलो हापूस पिळायचं काम चाललेलं. पाच बाया ओळीने बसलेल्या, कोपरापर्यंत हात पिवळे, कोयी एका घमेल्यात, साली दुसऱ्या. आचाऱ्यांनी खुर्ची अडवली. केळीच्या पानाचा तुकडा फाडून त्यावर कढईतून काढलेली पहिली जिलेबी ठेवली आणि वाटीत रस दिला. सासऱ्यांनी रस बोटाने चाखला, म्हणाले, "गूळ-साखर काही घातलं नाही ना?" "तुमच्यासमोर घालीन का?" पुढची पंधरा मिनिटं खुर्ची तिथून हलली नाही. गुरुजी हाका मारतायत, गौरीहर पुजायला नवरी बसलेली, आणि हे आचाऱ्यांच्या वडिलांच्या ओळखी काढतायत. लग्नातला सगळ्यात छान प्रवेश माझाच झाला, असं ते अजून सांगतात. पण म्हणून कार्यालयाला गुण द्यायचे का? नाही. ठणठणीत म्हातारा होता म्हणून निभावलं.

जेवणाला दहापैकी दहा. मसालेभात मोकळा, मठ्ठ्यात आलं बेताचं, अळूच्या भाजीत दाणे आणि मुळा, गऱ्यांची भाजी तर पुण्याच्या व्याह्यांनी तीनदा घेतली. बडोद्याची मंडळी त्यांच्या केसर आंब्याची बाजू लावून धरत आली होती, ती तिसऱ्या वाटीनंतर गप्प झाली.

वीज अकराला गेली. जनरेटर होता, खोटं नाही सांगितलं, पण डिझेल तासावर आणि वेगळं. बिलात ते आलं तेव्हा कळलं. संध्याकाळी वळवाचा पाऊस कोसळला (त्या वर्षी मान्सूनच २५ मेला तळकोकणात उतरला, आमची तारीख त्याच्या आधीच्या आठवड्यातली). तेव्हा मात्र वाढप्यांनी कुणी सांगायच्या आत लॉनवरची टेबलं ओसरीत घेतली, जेवण थांबलं नाही. ह्याचे गुण द्यायलाच हवेत.

आता पानांचा हिशेब. बुफेत ताटं मोजतात. व्यवस्थापकांचा आकडा आला २६१. माझे कंडक्टर भाऊजी दुपारभर ताटांच्या चळतीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. मला वाटलं दमलेत. त्यांनी खिशातून डायरी काढली, पाच-पाचच्या रेघा. "२२९. एक कमी नाही, एक जास्त नाही." व्यवस्थापक हसले, म्हणाले, "काका, गर्दीत चुकतं हो." भाऊजी म्हणाले, "तीस वर्षं गणपतीच्या गर्दीत तिकिटं फाडली. चुकलो असतो तर पगारातून गेले असते."

मधली ३२ ताटं कुणाची, तर फोटोवाले आणि ड्रायव्हर धरून १४, आणि १८ कार्यालयाचे स्वतःचे वाढपी, झाडूवाले. पहिली १४ आमचीच, वाद नाही. पण तुमच्या नोकरांचं जेवण माझ्या खात्यावर का? मी बडोद्याला ३१ वर्षं हिशेबनिसाचं काम केलंय, मला झोप लागत नाही अशाने. तिथे जागेवर 'होईल हो, बघतो' एवढंच मिळालं. घरी परतल्यावर मालकांना डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. चार दिवसांनी ७,३८० रुपये खात्यावर आले, सोबत दिलगिरीचा निरोप.

विवाह नोंदणीचं त्यांचं काम चोख. अर्ज भरून तयार होता. तीन साक्षीदार आणि गुरुजी यांच्या सह्या मांडवातच घेतल्या. मुदत ९० दिवसांची असते, पण साक्षीदार एकदा पांगले की पुन्हा कुठे गोळा करणार?

एकूण पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन निव्वळ आचाऱ्यांचे. मी पुन्हा तिथे कार्य केलं तर तारीख आधी आचाऱ्यांना विचारीन, मग कार्यालयाला. बुकिंग करणार असाल तर व्हिडिओ कॉल दारापासून सुरू करायला लावा आणि पायऱ्या मोठ्याने मोजायला सांगा. खालच्या खोल्या दोनच आहेत, जिन्यामागे, त्यातली डावीकडची मोरीच्या वासाची. उजवीकडची मागून घ्या.