उन्हाळा-थंडीची प्रथमोपचार पेटी: सामान चांगलं, पत्रक मात्र काढून टाका

ग्वाल्हेरात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि जानेवारीत काही रात्री ५च्याही खाली. घरात एक्याऐंशी वर्षांचे सासरे आहेत. म्हणून इथल्या लष्कर भागातल्या एका मेडिकलमधून ‘भाजणे, लू, थंडी’ असं झाकणावर छापलेली ही पेटी घेतली, ६८० रुपयांना.

सामान खरंच बरं आहे. डिजिटल थर्मामीटर ३२ अंशांपासून मोजतो, हे मला फार आवडलं. जुना पाऱ्याचा ३५पासूनच सुरू व्हायचा, आणि अंग गारठून जिवावर बेतायला लागतं ते नेमकं ३५च्या खाली. ओआरएसच्या पुड्या लिटरभर पाण्यात घालायच्या, २०.५ ग्रॅमच्या आहेत. नुसतं गोड सरबत नाही. चंदेरी पातळ ब्लँकेटही आहे. मात्र आधी ओले कपडे काढून, अंग कोरडं करूनच ते गुंडाळायचं. जाळीची पट्टी जरा कमी पडेल.

राग आला तो आतल्या पत्रकाचा. ‘भाजल्यावर बर्फ चोळा’ म्हणे! भाजलेल्या कातडीला बर्फाने आणखी इजा होते. नळाचं साधं गार पाणी वीस मिनिटं सोडायचं, फुगायच्या आत बांगड्या-अंगठ्या काढायच्या, फोड फोडायचे नाहीत आणि टूथपेस्ट तर लावायचीच नाही. पेटीतला गार पॅक मुरगळलेल्या पायासाठी ठेवा.

पुढची ओळ: ‘लू लागल्यास लगेच पाणी पाजा.’ माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल तर ठीक. पण अंग ४०च्या वर तापलंय आणि तो बरळतोय, तर तो उष्माघात. तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जाईल. १०८ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन सगळं अंग भिजवा, जोरात वारा घाला. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. आमच्याकडे खिशात कांदा ठेवतात, त्यावरही विसंबू नका.

सगळ्यात वाईट म्हणजे ‘गारठलेली बोटं शेकोटीशी धरून चोळा’. ग्वाल्हेरात हिमदंश होत नाही, पण माझे धाकटे दीर बद्रीनाथला जाताना हीच पेटी नेणार आहेत. बधिर बोटांना चटका कळतच नाही, माणूस शेकता शेकता भाजतो. चोळल्याने आतली इजा वाढते. ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात बोटं बुडवायची, तीही पुन्हा गोठणार नाहीत याची खात्री असेल तरच.

पाचपैकी साडेतीन तारे. मी पत्रक फाडून त्या जागी माझ्या हातचा मराठी कागद ठेवलाय, मोठ्या अक्षरात, सासऱ्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल असा. दुकानदारालाही त्याची झेरॉक्स दिली आहे. कंपनीने पत्रक बदललं, तर उरलेला दीड तारा आनंदाने देईन.