ज्युपिटर-८ चा फोकस तपासायचा: मिररलेसवर की घासलेल्या काचेवर?

लायका एम३ या फिल्म कॅमेऱ्यावर जुनी सोव्हिएत ज्युपिटर-८ (५० मिमी, एफ/२) लावली की अनंतावर सगळं ठीक वाटतं, पण मीटरभरावरच्या चेहऱ्यात डोळ्यांऐवजी मागचे केस धारदार येतात. नेहमीचं कारण असं की लायकाचा रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून अंतर साधणारी यंत्रणा) ५१.६ मिमी नाभीय अंतर धरून चालतो आणि ही लेन्स कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांच्या ५२.४ मिमी मापावर बेतलेली आहे. एक मीटरवर फोकस साधारण तीन सेंटीमीटर मागे सरकतो. पण कित्येक लेन्स कुणीतरी उघडून चुकीच्या जोडलेल्या असतात, त्यामुळे तपासल्याशिवाय शिमला (लेन्सचं फिल्मपासूनचं अंतर जुळवणाऱ्या पातळ चकतीला) हात लावू नये.

मिररलेस डिजिटल कॅमेऱ्यावर अ‍ॅडॉप्टरने लेन्स लावून पाहणं सोपं. काच धुरकटलीये का, मुळातच धार कमी आहे का, लगेच कळतं. मात्र इथे रेंजफाइंडर तपासलाच जात नाही, आणि बरेच अ‍ॅडॉप्टर किंचित पातळ असतात, म्हणून अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका.

माझा कौल घासलेल्या काचेलाच, म्हणजे जिच्यावर प्रतिमा उमटते त्या दुधी काचेला. मागचं झाकण उघडा, शटर बी वर (बटण दाबलं असेतो उघडं राहतं) उघडं ठेवा, फिल्म टेकते त्या आतल्या पट्ट्यांवर काच ठेवा, खरखरीत बाजू लेन्सकडे. ट्रायपॉडवरून, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) पूर्ण उघडं ठेवून, व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा जुळवा आणि भिंगातून काच बघा. अनंतावर बरोबर, जवळ मागे: मापांचा फरक. दोन्हीकडे चूक: बहुधा शिम. खात्रीची दुसरी लेन्सही चुकली, तर दोष कॅमेऱ्यात.

जुन्या स्क्रू-माउंट लायकांची पाठ उघडत नाही. तिथे फोटो काढून बघण्यात एक रोल खर्ची घालण्याला पर्याय नाही.