घोंगडी की स्लीपिंग बॅग? किनाऱ्यावरच्या मुक्कामासाठी

दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले या पट्ट्यात थंडीच्या दिवसांत दोन-चार रात्री उघड्यावर काढायच्या म्हटलं की अंगावर काय घ्यायचं हे ठरवावंच लागतं. माझ्याकडे दोन्ही आहेत. स्लीपिंग बॅग सात वर्षं वापरतोय. घोंगडी माझ्याच वयाची. माणगावकडे आमच्या शेतात भातकापणीनंतर घाटावरचे धनगर खतासाठी मेंढ्या बसवायचे, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांकडून वडिलांनी ती घेतली होती. लोकर त्यांच्याच मेंढ्यांची, वीण त्यांच्या गावच्या सणगरांची. तिला लावलेल्या चिंचोक्याच्या खळीचा वास मला अजून आठवतो.

वजनाचं आधी सांगून टाकतो. बॅगेचं दाबून सव्वा किलोचं गाठोडं होतं. घोंगडी अडीच किलोच्या खाली नाही आणि सॅकच्या डोक्यावर बांधावी लागते. साल्हेरसारख्या १५६७ मीटर उंचीच्या किल्ल्यावर डिसेंबरची रात्र काढायची असेल तर बॅगच घ्यावी. मीही तिथे तीच नेतो.

समुद्राकाठी मात्र थंडीपेक्षा दमट हवा जास्त छळते. जानेवारीतही पारा १५ अंशांच्या खाली क्वचित उतरतो. पाच अंशांसाठी शिवलेल्या बॅगेत मध्यरात्री घाम फुटतो, आणि उघडी टाकावी तर पहाटेचं दव अंगावर येतं. खारं वारं कापडावर मीठ सोडून जातं, ते मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून दिवसभर उन्हात वाळवलेली बॅग दिवेलागणीला पुन्हा चिकट लागते. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पहाटे घोंगडीवर दवाचे मणी दिसतात, झटकले की गेले.

शेकोटीची ठिणगी हाही एक मुद्दा आहे. बॅगेच्या नायलॉनला लगेच भोक पडतं. घोंगडीवर काळा ठिपका उमटतो आणि विझतो. अर्थात समुद्री कासवं अंडी घालायला येतात त्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च शेकोटी नकोच, विजेरीही वाळूवर फिरवू नये.

एवढ्यावर मी बॅग सोडली नसती. निकाल लागला तो चेनमुळे.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत लेकीला घेऊन वेळासला गेलो होतो. बागमांडल्याहून फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडली आणि रात्री एका घराच्या अंगणात पथारी टाकली. बॅग तिला दिली, घोंगडी मी घेतली. वेळासला २००२ पासून कासवांची घरटी जपली जातात. अंडी कुंपणात हलवतात, घरट्यावर टोपली ठेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पिल्लं वर आली का ते बघतात. सकाळी हाका ऐकू आल्या. मी उठलो, तिची चेन हलेना. आदल्या तीन दिवसांच्या खाऱ्या हवेने चेनचा खटका धरला होता, दातांत बारीक वाळू होती, आणि वर आतलं अस्तर अडकलं होतं. "बाबा, काढ ना मला," म्हणता म्हणता ती रडायला लागली. आठ वर्षांची पोर, हात आत अडकलेले. शेवटी मी शिवण उसवली. किनाऱ्यावर पोचलो तेव्हा टोपली उचलून झाली होती. ओल्या वाळूवर पिल्लांच्या वल्ह्यांसारख्या पायांच्या ओळी पाण्यापर्यंत गेलेल्या दिसत होत्या, पिल्लं नव्हती. ती बराच वेळ त्या ओळींकडे बघत उभी राहिली.

त्या रात्री ती आपणहून घोंगडीत शिरली. टोचतंय म्हणाली, पण पाय कधीही बाहेर काढता येतो हे तिला आवडलं.

टोचते हे खरंच आहे. खाली जुनं लुगडं किंवा सुती चादर घेतल्याशिवाय नव्या माणसाला झोप लागणार नाही. भिजली तर दोन दिवस वाळत नाही आणि उचलवत नाही. घरी ठेवताना कडुनिंबाचा पाला घालावा लागतो, नाहीतर कसर लागते. एवढं सांभाळणं ज्यांना जमणार नाही त्यांनी खुशाल बॅग घ्यावी. फक्त हलकी, दहा-पंधरा अंशांची बघावी, आतल्या बाजूनेही चेन उघडते ना ते दुकानातच झोपून तपासावं, निघण्याआधी चेनवर मेणबत्ती घासावी आणि परत आल्यावर ती गोड्या पाण्याने धुवावी.

घोंगडी घेणार असाल तर शक्यतो न रंगवलेली, मेंढीच्याच काळ्या रंगाची आणि हातमागावरची बघा. उजेडासमोर धरून वीण पाहा, मधला जोड ओढून बघा. आमच्या घोंगडीचा जोड यंदा सुटलाय. दिवाळीनंतर धनगर खाली उतरले की त्यांच्याकडून लोकरीचं सूत मागून घेणार आहे, आणि लेक म्हणते टाके तीच घालणार.