डॉक्टर सुन यत-सेन संग्रहालय, हाँगकाँग

हाँगकाँगच्या मिड-लेव्हल्स भागात कॅसल रोडवर उभ्या असलेल्या ‘कोम टोंग हॉल’ या 1914 सालच्या हवेलीत हे संग्रहालय 2006 मध्ये सुरू झाले. वास्तूच पाहण्याजोगी आहे: ग्रॅनाइटच्या खांबांवर पेललेले गोलाकार सज्जे, रंगीत काचांच्या खिडक्या, जुन्या फरशा आणि त्या काळी नवलाईच असलेली, भिंतींत दडवलेली विजेची वायरिंग. गंमत म्हणजे चीनमधील राजेशाहीविरुद्धच्या क्रांतीचे नेते सुन यत-सेन या घरात कधी राहिले नाहीत; ते बांधले एका धनाढ्य व्यापाऱ्याने.

कायम प्रदर्शने दोन आहेत. एक सुन यांच्या चरित्राचे, दुसरे त्यांच्या काळातील हाँगकाँगचे. 1892 साली याच शहरातील वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन मकावमध्ये दवाखाना थाटणारा तरुण दोन-तीन वर्षांतच चीनची राजसत्ता उलथवण्याच्या कटात कसा गुंतला, हा मला या चरित्राचा सर्वांत रंजक भाग वाटतो. 1896 मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीत त्यांना डांबून ठेवले गेले, तेव्हा सुटकेसाठी आकाशपाताळ एक केले ते त्यांचे वैद्यकीय गुरू जेम्स कँटली यांनीच. म्हणजे सोडलेला पेशाच शेवटी कामी आला. 1 जानेवारी 1912 रोजी ते चीनच्या प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष झाले, पण काही आठवड्यांतच पद लष्करी नेते युआन शिकाईंकडे गेले.

चिनी इतिहासाची तोंडओळख नसेल, तर आधी दुसरे प्रदर्शन पाहावे आणि मगच चरित्राकडे वळावे. सवड असल्यास परिसरातील सुन यत-सेन ऐतिहासिक पदमार्गही पायी करावा. चढ मात्र दमछाक करणारे आहेत.