करपणारं लाकूड: वेग कमी करायचा की बेल्ट बदलायचा?

बेल्ट सँडरने, म्हणजे सँडपेपरचा फिरता पट्टा असलेल्या घासायच्या मशीनने, लाकडावर जळके पट्टे उमटत असतील तर दोन सल्ले मिळतात. एक, वेग कमी-जास्त करता येणारं मशीन घ्या. दुसरा, आहे त्याच मशीनवर ओपन कोट, म्हणजे विरळ दाण्यांचा, बेल्ट लावा आणि जोडीला बेल्ट साफ करायची रबरी कांडी ठेवा. मी दोन्ही वापरतो.

वेगाची बाजू कमकुवत नाही. मेपल, चेरी ही लाकडं पटकन काळवंडतात, फळीच्या आडव्या कापलेल्या टोकांवर तर फारच. तिथे वेगाचा डायल खाली आणला की फरक दिसतो. विनिअरवरही (लाकडाच्या पातळ थरावर) हात सावरायला अवधी मिळतो.

मला खटकतं ते पुढे. वेग उतरला की बेल्ट सावकाश कापतो, काम रेंगाळतं आणि नकळत हात मशीनवर रेलायला लागतो. दाब वाढला की घर्षण वाढतं. डायलने वाचवलेली उष्णता मनगट परत आणतं! मशीनचं स्वतःचं वजन पुरेसं असतं, हे ठाऊक असूनही लांब फळीवर ते पाळणं कठीण जातं. कदाचित तुमचा हात माझ्यापेक्षा शांत असेल.

शिवाय बेल्ट भरलेला असेल तर वेग कमी करून फारसं साधत नाही. पाइनसारख्या लाकडाची राळ भुशात मिसळून दाण्यांमध्ये बसते, तिथे चकचकीत चट्टा तयार होतो. तो कापत नाही, नुसता घासतो. ओपन कोट बेल्टवर दाणे साधारण 50 ते 70 टक्केच जागा व्यापतात, त्यामुळे भुशाला निघून जायला वाट राहते. स्टिअरेटचा (साबणासारख्या कोरड्या वंगणाचा) थर असलेला मिळाला तर राळ आणखी कमी चिकटते. कांडीसाठी मशीन उलटं करून क्लँपने पक्कं बसवायचं आणि चालत्या बेल्टवर ती खोडरबरासारखी हलकेच टेकवायची. दाणेच बोथट झाले असतील किंवा राळ भाजून काळी पडली असेल, तर कांडीही हात टेकते. तो बेल्ट टाकून द्यावा.

याला किंमत आहेच. कठीण लाकडावर क्लोज्ड कोट, म्हणजे दाण्यांनी पूर्ण भरलेला बेल्ट, जास्त जोमाने कापतो, पृष्ठभागही जरा एकसारखा येतो. बारीक दाण्यांचा नंबर मात्र कुठल्याही बेल्टमध्ये लवकर तापतो. 120 नंबरच्या पुढचं, त्याहून बारीक काम मी ऑर्बिटल सँडरवर (छोट्या वर्तुळांत घासणाऱ्या मशीनवर) नेतो.

पहिलंच मशीन घेत असाल आणि किमतीत फार फरक नसेल, तर डायलवालं घ्यायला हरकत नाही. पण साधं मशीन हाताशी असेल, तर ते केवळ डागांपायी बदलू नये असं मला वाटतं. आधी चांगले बेल्ट आणि एक कांडी घेऊन बघा. चेरीच्या टोकांवर मीही वेग उतरवतो, पण बेल्ट नवा चढवल्यावरच.