पोरांचं बीपी घरी बघायचं तर डिजिटल घ्यावं की डायलवालं?

लेक दहा वर्षांची, एका तपासणीत बीपी जरा वर आलं, डॉक्टर म्हणाले एका रीडिंगवर काही ठरत नाही, काही दिवस घरी बघा आणि लिहून आणा. घरात डिजिटल होतंच, नंतर डायल आणि स्टेथोवालंही घेतलं. मी डॉक्टर नाही, पण दोन्ही वापरून झालीत म्हणून लिहितोय.

आधी कफचं, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं बघा, कुठलंही मशीन घेतलं तरी. आतला फुगा दंडाच्या घेराच्या 80 ते 100 टक्के लांब आणि निदान 40 टक्के रुंद हवा. हिचा दंड मधोमध 19 सेंमी भरला, म्हणजे फुगा 15 ते 19 लांब आणि साडेसात-आठ रुंद. घरातला मोठ्यांचा कफ पार कोपरापर्यंत येत होता. कफ मोठा पडला तर बीपी कमी दिसतं, लहान पडला तर उगाच जास्त. डिजिटलला मुलांचा कफ त्याच मशीनचा शोधावा लागतो, आमचा तो शोधण्यातच बराच वेळ गेला.

डिजिटल सोपं आहे यात वाद नाही, बटण दाबलं की झालं, कान लागत नाही की शिकवणी लागत नाही. पण मला ज्याने वैताग आणला ती गोष्ट म्हणजे त्याचं स्वतःहून परत फुगणं! पोरगी पाच मिनिटं शांत बसलेली, पाय जमिनीवर, पाठ टेकलेली, सगळं नियमात, आणि कफ सैल होत असताना तिने नुसती बोटं हलवली की मशीन थांबणार, घर्रर्र करून पुन्हा फुगणार आणि या वेळी आधीपेक्षा घट्ट. "बाबा हात तुटतोय, काढ ना!" मग आकडा येणार 128. थोड्या वेळाने 116, परत 109. आता वहीत लिहायचं कुठलं? दुसऱ्या आठवड्यात तर कफ बघूनच तिचा चेहरा पडायला लागला, म्हणजे मी बीपी मोजत होतो की तिची भीती, देव जाणे.

डायलवाल्यात हवा माझ्या हातात. मनगटाची नाडी धरून फुगवायचं, ती लागेनाशी झाली की त्याच्यावर 20-30 पुरे, मग स्क्रू हळू सोडायचा, सेकंदाला 2-3 मिलिमीटर. पहिली टकटक आली ते वरचं, आवाज पूर्ण बंद झाला ते खालचं. मुलांमध्ये कधीकधी आवाज शून्यापर्यंत येतच राहतो, तेव्हा स्टेथो जरा हलका टेकवून परत बघायचं, मी पहिल्यांदा घाबरलोच होतो. लेकीला काटा थरथरताना बघायला आवडतं, त्यामुळे हात आपोआप स्थिर राहतो. आमची रीडिंग 106, 108, 106 अशी यायला लागली.

त्याचेही त्रास आहेतच. हात बसायला मला आठवडा लागला, तोही डॉक्टरांनी एकदा समोर बसवून शिकवलं म्हणून. टीव्ही चालू असेल तर ऐकू येत नाही. काटा शून्यावर येतो का ते दर वेळी बघायचं, अधूनमधून कॅलिब्रेशन करून घ्यायचं. आणि खरं सांगायचं तर 110 ऐकायचं असेल तर कान 110 ऐकतो, तो मोह डिजिटलला नसतो.

अजून एक, डिजिटल कंपनं पकडून हिशेबाने वरचं-खालचं काढतं, आणि मुलांचे वय, उंची, मुलगा की मुलगी यावरून बीपी किती हवं ते सांगणारे तक्ते स्टेथोने घेतलेल्या मापांवर बनलेत, म्हणून डिजिटलवर जास्त आलं तर डॉक्टर स्टेथोने परत बघतात. तक्ता 13 वर्षांखाली लागतो, पुढे 120/80 ची सरळ रेघ आहे. माप उजव्या हातावरच घ्यायचं, तक्ते त्याच हाताचे आहेत. मनगटावरची मशीनं मुलांसाठी नकोच.

ज्यांना ऐकायला त्रास होतो किंवा मूल दगडासारखं बसतं त्यांनी डिजिटल खुशाल घ्यावं, फक्त मुलांचा कफ मिळतो का ते आधी विचारून, बाकी माझं म्हणाल तर घरातलं डिजिटल आता आईच्या खोलीत असतं.